४६ तासांचा मुक्काम

रविवार, निघायच्या आदल्या दिवशी

ताईला मोठ्या आतड्याचा कर्करोग आहे. तिच्या केमोची ही सातवी फेरी. एकूण बारा ठरल्या आहेत. दर १४ दिवसांनी एक, असं कागदावर आहे. प्रत्यक्षात सातव्या फेरीसाठी आम्ही दुसऱ्यांदा निघतो आहोत. मागच्या आठवड्यात सात तास प्रवास करून पोचलो, सकाळी रक्त दिलं, आणि अकराच्या सुमाराला न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १,१०० आले म्हणून परत पाठवलं. ते निदान १,५०० हवेत, प्लेटलेट ७५,००० हव्यात. तिथे घासाघीस चालत नाही. तिकिटं, खोलीचं भाडं, माझी दोन दिवसांची रजा, सगळं पाण्यात. डॉक्टरांवर चिडण्यासारखं काही नव्हतं. चिडलो ते स्वतःवरच. हेच रक्त आदल्या दिवशी घराजवळच्या लॅबमध्ये तपासून रिपोर्ट फोनवर पाठवता आला असता. सहा फेऱ्या आम्ही नशिबावर गेलो होतो.

या वेळी काल सकाळीच रक्त दिलं. १,९०० आले. संध्याकाळी डे-केअरमधून, म्हणजे हॉस्पिटलात केमो देतात त्या विभागातून, ‘या’ असा निरोप आला, मगच तिकिटं काढली.

आमची वाटणी ठरलेली आहे. भाऊजी घर, मुलं आणि पैशांचं बघतात, प्रवास माझ्याकडे. सुरुवातीला दोघंही सगळीकडे धावत होतो, आणि महिन्याभरात दोघांच्याही नोकरीवर गदा यायची वेळ आली. आता ज्याचं खातं त्याच्याकडे. बॅग माझ्या खात्यात. वर फाईल, आणि फाईलच्या पहिल्या पानावर मी केलेला एकच कागद: आजार काय, ऑपरेशन कधी झालं, कोणती औषधं किती, कशाची अ‍ॅलर्जी, रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा. त्याच्या चार झेरॉक्स. रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टरसमोर उभं राहिलं की ७० पानांची फाईल काही कामाची नसते, हे आम्ही तिसऱ्या फेरीनंतर शिकलो. मग थर्मामीटर, मऊ ब्रश, लोकरीचे हातमोजे, रबरी हातमोजे, आणि पुढून बटणांचे दोन सैल शर्ट. ताईच्या गळपट्टीच्या हाडाखाली कातडीत पोर्ट बसवलेला आहे, औषधाची सुई टोचायची छोटी डबी. डोक्यातून घालायचा कपडा सुईपाशी अडकतो.

डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी मात्र मी तिच्या डब्यात ठेवत नाही, माझ्या खिशात ठेवतो. ती पॅरासिटामॉल आहे. ताप मोजायच्या आधी ताईनं चुकून घेतली तर ताप दबेल आणि आपल्याला कळणारच नाही.

सोमवार

सकाळी मी बॅग घेऊन दारात उभा, आणि ताई आरशासमोर. शर्टाला पाच बटणं. वरची दोन लागली. तिसरं तिनं अंगठा आणि तर्जनीत धरलं, काजापर्यंत आणलं आणि ते निसटलं. पुन्हा धरलं. आता ती बोटांकडे बघत नव्हती, आरशात बघत होती, कारण बोटांना बटण कळतच नव्हतं. धरलंय की सुटलंय ते डोळ्यांनीच बघावं लागत होतं. मी पुढे झालो तशी तिनं पाठ केली.

“जमतंय मला.”

जमलं. घड्याळ बघत होतो म्हणून सांगतो, पाच बटणांना सहा मिनिटं लागली.

मी वहीत लिहिलं. ही वही म्हणजे दुसरी फाईलच. तारीख, ताप, काय पोटात गेलं, काय राहिलं, उलट्या, झोप, नवीन काही. ‘बोटं’ या शब्दासमोर गेल्या दोन फेऱ्यांत मी स्वतः बघून लिहिलेलं आहे. ताईला विचारलं की उत्तर एकच: ‘ठीक.’

गाडीत खिडकीकडची जागा, मास्क, आणि एसीच्या झोताकडे पाठ. थंडीचं प्रकरण आम्हाला पहिल्याच फेरीनंतर, परतताना कळलं. तहान लागली म्हणून मी फलाटावरून थंड पाण्याची बाटली आणली. ताईनं एक घोट घेतला आणि गळा धरला. “श्वास जात नाहीये.” ओठ निळे नव्हते, छाती नीट हलत होती, पण तिचे डोळे बघून माझेच हातपाय गळाले. पाच मिनिटांत सगळं निवळलं. नंतर कळलं की हे ऑक्सॅलिप्लॅटिनचं, ताईच्या केमोतल्या एका औषधाचं, नेहमीचं लक्षण आहे. थंडीनं घशातल्या नसा खवळतात आणि श्वास अडकल्याचा भास होतो. श्वासनलिका बंद झालेली नसते. औषध दिल्यावर चार-पाच दिवस थंड पाणी, थंड हवा, फ्रीजमधलं भांडं, सगळं वर्ज्य. सही करायच्या पंधरा पानांत ही ओळ असणारच. पंधरा पानं त्या दिवशी वाचली कोणी!

ऑक्सॅलिप्लॅटिन हे प्लॅटिनम धातूचं संयुग. जपानमधल्या नागोयात १९७६ साली ते तयार झालं. हे वाचून दाखवलं तेव्हा ताई म्हणाली होती, “लोक अंगावर घालतात, मी नसांतून मिरवते.” दोन्ही प्रकारांत हाताला ओझं होतंच, हे तिचंच पुढचं वाक्य.

संध्याकाळी खोलीवर पोचलो. हॉस्पिटलपासून चालत आठ मिनिटं, तळमजला, गरम पाणी आणि आतच संडास. या चार गोष्टी सोडून खोलीचं बाकी काहीही मी बघत नाही.

मंगळवार

आठ वाजता नोंदणी. आधी वजन, मग उंची. दर वेळी उंची कशाला, असं वाटायचं. मात्रा शरीराच्या पृष्ठभागावर ठरते, अमुक मिलिग्रॅम दर चौरस मीटरला, आणि ते क्षेत्रफळ उंची-वजनावरून काढतात. वजन उतरलं की मात्राही पुन्हा मोजायची. ताईचं वजन गेल्या फेरीपेक्षा ८०० ग्रॅम कमी भरलं. “चपला काढल्या ना,” ती म्हणाली. गेल्या वेळीही काढल्या होत्या.

डॉक्टर मॅडमसमोर साडेनऊला बसलो. आपल्या वाट्याला दहा मिनिटं येतात, आणि त्यात जे बोललं जात नाही ते झालंच नाही असं धरलं जातं.

“मळमळ?”

“थोडी.”

“तोंड आलं होतं?”

“नाही. मीठ-सोड्याच्या पाण्यानं चुळा भरते.”

“हातापायांना मुंग्या, बधिरपणा?”

“येतात थोड्या. जातात.”

मॅडम लिहायला लागल्या. माझ्या मांडीवर वही होती. ताईला काय वाटतं ते मला माहीत होतं: खरं सांगितलं तर औषध कमी करतील, आणि औषध कमी म्हणजे आजाराला वाट मोकळी. तिचं शरीर, तिचा आजार, सांगायचं की नाही हेही तिचंच. हे सगळं मनात येऊन गेलं, आणि तरी मी बोललो.

“मॅडम, काल पाच बटणांना सहा मिनिटं लागली. आणि आता मुंग्या जात नाहीत. मागच्या औषधाला तीन आठवडे होऊन गेले, तरी आहेत.”

ताईनं माझ्याकडे बघितलंच नाही.

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि टेबलावरून एक यूटाचणी ताईपुढे सरकवली. डोळे मिटून उचला म्हणाल्या. ताईची बोटं टेबलावर फिरली, टाचणीवरून गेली, पुढे गेली, परत आली. मग तिनं डोळे उघडले.

त्यानंतरचं बोलणं मी नीट टिपून घेतलं. थंडीनं येणारे झटके वेगळे, ते काही दिवसांत जातात. हा बधिरपणा साठत जाणारा आहे. जितकं औषध अंगात जमा, तितका तो वाढतो, आणि औषध थांबवल्यावरही काही महिने वाढू शकतो. म्हणून तो वेळेवर सांगायचा असतो. उपचार तीन महिने द्यावा की सहा, यावर २०१८ साली एक मोठं विश्लेषण प्रसिद्ध झालं. सहा चाचण्या, १२,८३४ रुग्ण, सगळे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या तिसऱ्या टप्प्यातले. ताईच्याच औषधांच्या जोडीवर तीन महिने राहिलेल्यांत मध्यम किंवा तीव्र बधिरपणा १६.६ टक्क्यांना आला, सहा महिनेवाल्यांत ४७.७ टक्क्यांना. ताईच्या किती लसीकाग्रंथींत आजार पोचला होता ते बघता तिला सहा महिन्यांचा बेत का दिला, तेही मॅडमनी सांगितलं. मग म्हणाल्या, “या वेळी ऑक्सॅलिप्लॅटिन दर चौरस मीटरला ८५ ऐवजी ७५ मिलिग्रॅम देऊ. पुढच्या वेळी बोटं बघून हे एक औषध बंदही करू शकतो. दुसरं चालू राहतं. उपचार थांबत नाही, ताई.”

बाहेर आल्यावर ताई बाकावर बसली. “चहाडखोर,” एवढंच म्हणाली. लहानपणीही हाच शब्द होता.

पुढचे दोन तास विम्याच्या मंजुरीत गेले. आलेल्या पत्रावर ‘सहावी फेरी’ छापलं होतं. सहावी तर होऊन गेली. खिडकीवरचा माणूस म्हणाला दुरुस्त करून आणा, फोनवरची बाई म्हणाली हॉस्पिटलनं मेल पाठवायला हवा, हॉस्पिटल म्हणालं मेल गेला. एका आकड्यापायी मी तीन मजले चार वेळा चढलो-उतरलो. रविवारीच पत्र उघडून वाचलं असतं तर घरूनच निस्तरलं असतं. माझी नजर रकमेवर होती, फेरीवर नव्हती. ताई खाली डे-केअरच्या खुर्चीत, पोर्टमध्ये सुई टोचून तयार.

साडेबाराला मळमळ होऊ नये म्हणून दिली जाणारी इंजेक्शनं. त्यातच डेक्सामेथासोन, हे स्टिरॉइड. एकला ऑक्सॅलिप्लॅटिन. हे सलाईनच्या खाऱ्या पाण्यात चालत नाही, क्लोराइडनं बिघडतं. म्हणून साखरेच्या पाण्यात, डेक्स्ट्रोजमध्ये, दोन तास. त्या आधी सिस्टरनं पोर्टमधून थोडं रक्त ओढून बघितलं, सुई जागेवर आहे ना म्हणून. ताईचं नाव, जन्मतारीख, पिशवीवरचं नाव, दुसऱ्या सिस्टरकडून पुन्हा. डे-केअरमध्ये बसायला लागल्यापासून मला एखाद्या कामात झालेला उशीर खटकत नाही, घाई खटकते.

मग ५-एफयूचा, म्हणजे केमोतल्या दुसऱ्या औषधाचा, एक डोस, आणि चार वाजून दहा मिनिटांनी पंप.

पंप म्हणजे मुठीत मावेल न मावेल अशी कडक प्लॅस्टिकची बाटली, आणि आत फुगा. फुग्यात ५-एफयू भरलेलं. फुगा आक्रसत जातो, औषध ढकलत राहतो. बॅटरी नाही, दिवा नाही, आवाज नाही. नळीच्या टोकाशी एक चिमुकली चकती असते, तिच्यातून किती थेंब जायचे ते ठरतं. ती अंगाच्या उबेवर चालेल अशा हिशेबानं बनवलेली, म्हणून कातडीला चिकटवून ठेवायची. फुगा रिकामा व्हायला ४६ तास. १९५७ साली तयार झालेलं औषध, आणि ते असं सावकाश द्यायला एक फुगा पुरतो, याचं मला अजून नवल वाटतं.

सिस्टरनं बाटली कापडी पिशवीत घालून ताईच्या कमरेला बांधली. गुरुवारी दोन वाजून दहा मिनिटं. मी वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून भोवती गोल काढला.

रात्री स्टिरॉइडनं आपलं काम केलं, झोप उडवली. मी आडवा झालो तेव्हा ताई बॅग उपसत होती. दोनला डोळा उघडला तेव्हा औषधांचे सगळे डबे उंचीनुसार लागलेले होते आणि ती माझ्या शर्टांच्या घड्या घालत होती. बारीक आवाजात म्हणाली, “झोप तू.” मग अर्धा तास मुलांच्या फीबद्दल, भाऊजींच्या पाठीबद्दल, मी लग्नात हरवलेल्या घड्याळाबद्दल बोलत बसली. त्या घड्याळाला १९ वर्षं झाली आहेत. औषधाबद्दल एक शब्द नाही. मी हुं हुं करत राहिलो. डोकं ठणकत होतं. एक गोळी घेतली, तिची पाठ असताना.

बुधवार

स्टिरॉइड उतरलं की माणूस उतरतो. ताई दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होती.

माझं काम दर तासाला कोमट पाणी पुढे करणं, आणि दर वेळी ‘नको’ ऐकणं. मळमळीची गोळी उलटी व्हायची वाट न बघता, वेळेवर. पदार्थाचा वास नको म्हणून सगळं गार झालेलं, पण थंड नको; या दोन शब्दांमधली जागा फार अरुंद आहे. संडासाचं झाकण लावून दोनदा पाणी सोडायचं, उलटीचं भांडं धुताना रबरी हातमोजे, खराब कपडे वेगळ्या पिशवीत. औषध अंगातून बाहेर पडत असतं, पंप असेपर्यंत आणि सुटल्यावर पुढे ४८ तास हे पाळावं लागतं. पहिल्यांदा मी हातमोजे घातले तेव्हा ताईनं तोंड फिरवलं होतं. आता तीच आठवण करते.

संध्याकाळी ऑफिसचा फोन. संडासाच्या दाराशी उभा राहून मी पंधरा मिनिटं एका तक्त्याबद्दल बोललो. साहेब चांगले आहेत, रजा देतात. पण रजा देणाऱ्याचा आवाज प्रत्येक फेरीला थोडा थोडा बदलत जातो, तो ऐकू येतो.

फुगा अर्ध्यावर आला होता. निदान मला तसं वाटलं.

गुरुवार

सकाळी बघितलं तर चकतीवरची चिकटपट्टी एका बाजूनं सुटून वर आली होती आणि चकती शर्टाच्या बाहेर लोंबत होती. मी पट्टी परत दाबली, एवढंच. कुणाला विचारलं नाही. औषध तर जातंय ना, म्हटलं.

दोन वाजता डे-केअरमध्ये गेलो तेव्हा फुगा अजून लिंबाएवढा.

“रात्री चकती अंगाला होती का?” सिस्टरनं विचारलं.

नव्हती. रात्रभर ती पांघरुणाबाहेर, गार हवेत. चकती गार पडली की औषध हळू जातं. भरभर गेलं असतं तर ती धावपळीची गोष्ट होती, हळू गेलं तर थांबायचं. सिस्टरनं मॅडमना फोन केला, नवी पट्टी लावली आणि ताईला खुर्ची दिली. आमची गाडी पाचची. साडेपाचला फुगा बाटलीच्या दांड्याला चिकटून सुरकुतला. नळी धुऊन, सुई काढून, वर छोटी पट्टी लावली तेव्हा सहाला दहा कमी होती.

तिकीट गेलं, आणखी एक रात्र खोली. भाऊजींना फोन केला. ते गप्प राहिले, मग म्हणाले, “तू जेवलास का?” चूक माझी होती आणि कुणीच मला बोलत नव्हतं. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

रात्री ताई मंगळवारनंतर पहिल्यांदा माझ्याशी त्या विषयावर बोलली. दिवा घालवल्यावर.

“टाचणी खरंच कळली नाही रे.”

“माहितीये.”

“भांडं हातातून पडतं. दोनदा पडलं. तुला दोन्ही वेळा सांगितलं नाही.”

“एकदा भाऊजींनी सांगितलं.”

“तोही चहाडखोरच.”

शुक्रवार

सकाळची गाडी. शर्टाची वरची दोन बटणं ताईनं लावली, बाकीची मी. ती आरशात बघत नव्हती, पंख्याकडे बघत होती.

आता पुढचे दिवस तापाचे. पांढऱ्या पेशी औषधानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात तळाला जातात. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस, दिसलं की फोन आणि थेट हॉस्पिटल, दिवस असो की रात्र. तिथे पोचल्यापासून तासाभराच्या आत अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. ‘सकाळपर्यंत बघू’ हे वाक्य घरातून हद्दपार आहे. पहिल्या पानावरच्या त्या कागदाची एक झेरॉक्स भाऊजींच्या पाकिटात, एक दाराच्या आत लावलेली.

गाडीत दुपारचा ताप लिहायला वही उघडली. गुरुवारच्या पानावर माझ्या नोंदींखाली वेगळं अक्षर होतं. मोठं, वाकडं, प्रत्येक वळणावर पेन घसरलेलं.

‘बोटं: टाचणी कळत नाही. भांडं २ वेळा.

भाऊ: मंगळवारी झोप ३ तास. डोकेदुखीच्या गोळ्या ४ (पट्टी मोजली). विचारलं की बरं आहे म्हणतो.’

मी मान वर केली. ताई खिडकीबाहेर बघत होती, हातात लोकरीचे मोजे, मांडीवर बॅग. मी थर्मामीटर पुढे केलं. तिनं ते काखेत धरलं, आवाज आल्यावर काढून स्वतःच वाचलं.

“९८.४. लिही.”

मी लिहिलं. तिनं थर्मामीटर कापसानं पुसलं आणि माझ्यापुढे धरलं.

“आता तुझं.”